डावीकडची किल्ली

ठमे,

तू उठायच्या आत दवाखान्यात जातोय. तुझी गाडी सुटेपर्यंत परत येणं होणार नाही. तिथे रांग असते, असं समज.

टेबलावर उपड्या वाटीखाली घड्याळ आहे. वर्षभर डोळे फोडून जुळवलं, ते तुझंच. किल्ली डावीकडे आहे, ती चूक नाही. उजव्या मनगटावर बांधलंस की डाव्या हाताने सहज देता येईल. त्यापायी दोन तबकड्या वाया घालवल्या.

लहानपणी तुझा डावा हात खुर्चीला बांधून मी तुला उजव्याने लिहायला लावलं. तू रडली नाहीस, म्हणून मला वाटलं, दुखत नसेल.

किल्ली रोज सकाळी दे. हात बदल असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मी म्हणालो तरी.

बाबा