वडील कधी आले होते?

॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥
मांडवगण फराटा,
१० सप्टेंबर २००९

चि. संपत यास मल्हारीचा आशीर्वाद.

इकडे आम्ही आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. भीमेला पाणी बरं आहे, खालच्या रानातला ऊस उभा राहिला. मोनिका पुन्हा शाळेत जाऊ लागली, हे वाचून देवापुढे दिवा लावला.

तुझ्या पत्रात स्वाइन फ्लूच्या त्या गोळ्यांचंच फार आहे. जपानमध्ये मोनिकाला ताप आला, त्याच दिवशी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तुझ्या मित्राला इंग्लंडात नुसत्या फोनवर मिळाल्या. मग आपल्या थोरल्या पूनमला का नाही, असं तू विचारतोस. फोनवरही विचारलंस, तेव्हा मी उसाचं बोललो.

इथे त्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळत नव्हत्या. सरकारी दवाखान्यातच होत्या, आणि साथ नवीन म्हणून जपून देत होते. दौंडच्या कॉलेजातून पूनम तापाने फणफणून आली, तिला घेऊन पुण्याला गेलो. रांग रस्त्यापर्यंत होती. तिने तोंडाला तुझ्या वहिनीचा रुमाल बांधला होता. मोनिकाचं तिला सांगितलं, तर म्हणाली, "मंग मला बी देतील की, आप्पा. बहिनी बहिनीच हाय आमी."

आमच्यापुढे खुटबावचे पोपटराव म्हणून एक जण मुलाला घेऊन उभे होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकून हळूच सांगितलं, "पाव्हणं, परदेशातनं कोन आलंय का, येवढंच इचारत्यात. हिचा बाप जपानला न्हवं? मंग परवा आलाय म्हना. म्या पोराचा मामा दुबईहून आणलाय."

"मामा कुठंय?"

"जेजुरीला, म्हशी राखतोय."

पूनम हसली. हसता हसता खोकला आला.

पोपटरावांच्या मुलाला गोळ्या मिळाल्या. आमची पाळी आली. डॉक्टर तरुण होते, डोळे जागरणाने लाल.

"परदेशातून कोणी आलंय घरी?"

"न्हाई."

"तुम्ही हिचे वडील?"

"चुलता. वडील जपानला असत्यात."

"कधी आले होते?"

संपत, तुला आठवत असेल. लहानपणी आईने आपल्या दोघांच्या हातात बेलभंडारा देऊन वदवून घेतलं होतं, जीव गेला तरी खोटं बोलायचं नाही. तिने आपला जीव म्हटलं होतं. लेकरांचं काही म्हटलं नव्हतं. पण मला खरं बोलणं तेवढंच येतं. मी म्हणालो, "दोन वर्सं झाली."

ते म्हणाले, साधा ताप असेल, घशातला नमुना घेतो, रिपोर्ट आल्यावर गोळ्यांचं बघू.

बाहेर लिंबाखाली बसलो. पूनम रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, बाबा परवा आलं व्हतं म्हनला असता, तर गोळी ऱ्हाऊ द्या, मला ऐकूनच बरं वाटलं असतं."

रिपोर्ट आला तेव्हा तिला नदीवर नेऊन झालं होतं. मग मात्र आरोग्य खात्याची माणसं घरी आली आणि आम्हा दोघांना त्याच गोळ्या देऊन गेली. कडू असतात म्हणे. मला चव कळली नाही. तुझ्या वहिनीने घेतल्या नाहीत.

मी तुला बोल लावत नाही. पूनम गेली तेव्हा मोनिका अंथरुणावर होती, तुला घराबाहेर पडू देत नव्हते, हे मला कळतं. पण त्याआधीच्या दोन दिवाळ्यांचं मला कळत नाही. प्रत्येक वेळी तू फोनवर येतो म्हणायचास आणि पूनम तुझ्या वहिनीबरोबर ओसरी सारवायची. देशादेशांतला फरक तू लिहिलास, तो खरा असेल. आमच्या दारात फरक पडला तो मात्र डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नाने. त्याचं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि द्यावं मला लागलं.

रात्री मी देवाला विचारतो, खोटं बोलायला हवं होतं का.

कागदाच्या घडीत चिमूटभर भंडारा घातला आहे. येणार असशील, तरच तो हातात धरून येतो म्हण. नाहीतर मोनिकाच्या कपाळाला लाव, आणि येतो म्हणू नकोस. तुझी वहिनी अजून ओसरी सारवते.

तुझा दादा,
पूनमचा आप्पा,
मल्हारी