जास्त मार्कांचं व्हायोलिन

प्रिय ताई,

पार्सल पोचलं. खोकं एका कोपऱ्यात चेपलंय, पण आत आपलं जुनं व्हायोलिन धड आहे. आठवणीने माझ्या लेकीसाठी पाठवलंस, बरं वाटलं. एवढं लिहून थांबता आलं असतं. पण फोन ठेवता ठेवता तू घाईघाईने जोडलंस ना, की बाबांचं म्हणणं आहे, पहिल्या तिनात आली तरच तिच्या हातात दे, ते वाक्य काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाहीये.

बाबा दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि घरी आले तरी त्यांची तपासणी संपायची नाही. घरात व्हायोलिन एक आणि मुली दोन. त्यावर त्यांनी काढलेला न्याय असा, की परीक्षेत जिचे टक्के जास्त, तिचं व्हायोलिन आणि तिचीच शिकवणी, पुढच्या परीक्षेपर्यंत. आल्यागेल्याला हा नियम असा कौतुकाने सांगायचे, जणू मोठा शोधच लावलाय. गाणं, खेळ, चित्रं, सगळ्यांनी म्हणे अभ्यासाच्या मागे रांगेत उभं राहायचं. माझ्या गणिताचा सगळा आनंदीआनंद, त्यामुळे माझी रांग जागची हलायचीच नाही.

दर वेळी तूच जिंकायचीस. सर आले की तू घड्याळाकडे बघत गज ओढायचीस आणि मी स्वयंपाकघरात भूमिती उघडून बसायचे. टेबलाखाली माझी बोटं तुझ्या सुरांबरोबर फिरायची. तू चुकलीस की मला तिथे कळायचं. सरांच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा चहा घेताना ते बाबांना म्हणाले, धाकटीला कान आहे, तिला शिकवू द्या. बाबा हसले. म्हणाले, कानाचं नंतर बघू, आधी डोकं येऊ दे. तू तिथेच उभी होतीस, हातात गज घेऊन. तुला वाजवायचा कंटाळा येतो, हे शाळेच्या वाटेवर तूच मला कितीदा सांगितलं होतंस. एवढंच म्हणायचं होतं गं, मला नको, तिला द्या. पण तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस. बाबांचा मला तितका राग येत नाही. त्यांना वजनापलीकडे काही कळायचंच नाही. राग तुझा येतो. अजून येतो.

मग एका वर्षी मी चित्रकला सोडली, मैदान सोडलं, मैत्रिणींशी बोलणं सोडलं आणि घोकून घोकून तुझ्या पुढे गेले. व्हायोलिन माझ्याकडे आलं आणि त्याच सुट्टीत सर कायमचे मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. दात आले तोवर चणे संपले. काही दिवस एकटीच खरडत बसायचे, तेव्हा शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. शेवटी आईने ते कपाटावर टाकलं. आता मी विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासते. बाबांना केवढा अभिमान!

आज लेकीचा निकाल लागला. गणितात नापास. दारातच रडायला लागली, कारण तुझा फोन स्पीकरवर होता आणि अट तिने ऐकली होती. मी प्रगतिपुस्तकावर सही केली, उद्यापासून रोज माझ्याजवळ गणिताला बसायचं म्हणून बजावलं, आणि व्हायोलिन तिच्या पुढ्यात ठेवलं. आता ती आतल्या खोलीत वाजवतेय, भयंकर बेसूर. खिडकी मी उघडीच ठेवलीये. बाबा हल्ली तुझ्याकडेच असतात. ते विचारतील, पोरगी कितवी आली, व्हायोलिन दिलं का. तेव्हा विषय बदलू नकोस, ताई. ती गुळणी आता तरी थुंकून टाक आणि त्यांना सांग, नापास झाली, आणि तरी दिलं. एवढं तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर जावं, म्हणून हे पत्र.

तुझीच,
कान असलेली धाकटी