पोखरी घाटात गाडी मी चालवीत होतो

मी, घेवरचंद मिश्रीमल समदडिया, वय ६५ वर्षे, धंदा किराणा व हिरडा खरेदी, राहणार बाजारपेठ, घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. साखर नाही, रक्तदाब नाही, दात बत्तीसच्या बत्तीस. सोळा महिन्यांपूर्वी पोखरी घाटात मोटारसायकल कठड्यावर आदळली तेव्हाही मला साधे खरचटले नाही. लोक याला पुण्याई म्हणतात. मला ही पुण्याई सहन होत नाही, म्हणून हा कागद.

वकील दादाभाऊ शेजारी बसले आहेत. ते म्हणतात, "शेट, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, पापं नाही." मी म्हणालो, "तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासा." आता त्यांनी चष्मा चढवला आहे.

कलम १. बाजारपेठेतील राहते घर माझी पत्नी कस्तुरबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला वरच्या मजल्यावरची खोली आवडते. गुडघे दुखतात या सबबीखाली तिला कोणी खाली, गोदामाशेजारी आणून टाकू नये. तिच्यामागे घर मुलगा हितेश याचे.

कलम २. दुकान हितेशला. त्याने हिरड्याच्या पोत्यांच्या जागी मोबाइलची कव्हरे टांगली, याचा मला राग आहे आणि तो राग मी कोणाला देत नाही, बरोबर नेणार आहे.

कलम ३. बँकेत जे असेल ते कस्तुरबाईचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम ४. येझदी मोटारसायकल, रंग लाल, १९८५ साली पुण्याहून नवी आणलेली. कस्तुरबाई या गाडीला सवत म्हणते आणि काही चुकीचे म्हणत नाही. बायकोला ताप आला तर मी गोळी आणून द्यायचो, हिचा प्लग काळा पडला तर हातातले गिऱ्हाईक सोडून आळेफाट्याला पळायचो. चाळीस वर्षे हिच्यावर बसून मी वरच्या वाड्यांमधून हिरडा घेतला. उन्हाळ्यात डोंगरातली माणसे हिरडा झोडतात, अंगणात वाळवतात, मी जाऊन भाव ठरवायचो. परतताना पोखरी घाटाच्या माथ्यावर मी चावी बंद करायचो, गिअर न्यूट्रल, आणि थेट खालपर्यंत इंजिन न लावता उतरायचो. बाजारात म्हणत, घेवरचंद पेट्रोल वाचवतो. साफ खोटे! आवाज थांबला की वारा ऐकू यायचा, खाली डिंभ्याच्या धरणाचे पाणी दिसायचे, आणि तेवढा वेळ मी कोणाचा शेट नसायचो, कोणाचा बाप नसायचो. पुढेपुढे त्याची मला घमेंड चढली. चारचौघांत सांगायचो, सगळा घाट ब्रेकला पाय न लावता उतरतो म्हणून.

सध्या ही गाडी दुकानाच्या दर्शनी भागात उभी आहे. हितेशने ती दुरुस्त करून आणली आणि हार घातला. शेटला वाचवणारी गाडी म्हणून लोक टाकीला हात लावून कपाळाला लावतात. तो हार आजच काढावा. माझ्यामागे गाडी भंगारात द्यावी, कोणालाही चालवायला देऊ नये.

कलम ५. ही मिळकत नाही, पण माझ्या नावावर आहे.

दिनांक १४ मे २०२४, सकाळी अकराचा सुमार. माझ्यामागे हौशीराम जानकू तळपे बसला होता. हौशीराम तळेघरच्या वरच्या वाडीचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तीस वर्षे माझ्याबरोबर हिंडला. कोणाचा हिरडा खडखडीत वाळलेला, कोणाचा आतून ओला, हे तो मूठभर उचलून वासावर सांगायचा. गाडी तोच धुवायचा, तोच पुसायचा. पण हँडलला मी त्याला हात लावू दिला नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

माथ्यावर मी नेहमीसारखी चावी बंद केली. चौथ्या वळणाच्या आधी तो म्हणाला, "शेट, म्होरं खडी टाकलीया. गाडी चालू करा." मी म्हणालो, "म्हातारा झालास तू. धर मला घट्ट." पुढच्या वळणावर तो ओरडला, "आवो, ब्रेक दाबा!" मी दाबला. उशिरा दाबला. पुढचे चाक खडीवर सरकले आणि आम्ही कठड्यावर गेलो.

मी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर पडलो. उठलो. हातपाय हलवून पाहिले, चालून पाहिले. चालता येत होते. हौशीराम कठड्यापलीकडे, दहा-बारा फूट खाली झुडपात पडला होता. "शेट... शेट..." अशी हाक येत होती. मला ती नीट ऐकू येत होती. मी आधी गाडी उचलली. मग खाली उतरलो.

त्याने डोळे उघडून विचारले, "शेट, तुमाला लागलं का?" मी म्हणालो, नाही रे. "बरं झालं," म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही. जीप येईपर्यंत त्याचे डोके माझ्या मांडीवर होते आणि मी त्याला शिव्या देत होतो, ऊठ गाढवा, ऊठ म्हणून.

कलम ६. दवाखान्यात हवालदार वही उघडून बसले होते. माझा परवाना त्याच वर्षी संपला होता आणि नवा मी काढला नव्हता. हितेश धावत आला, माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "पप्पा, गाडी हौशीराम चालवत होता ना?" मी मान हलवली. बस. तोंडातून शब्द काढला नाही. तेवढ्या मानेवर पंचनामा झाला. चालवणाराच मयत, म्हणून प्रकरण मिटले. पुढे वाड्यांमध्ये बोलणे वाढत गेले, हौशीराम प्यायला होता म्हणे. तो थेंबाला शिवत नव्हता. हे माझ्या दुकानात, माझ्यासमोर गिऱ्हाईक बोलत होते आणि मी तराजूकडे बघत बसलो.

हितेश म्हणतो, "पप्पा, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" त्याने हे माझ्यासाठीच केले हे मला कळते. तरीही लिहून ठेवतो की, कलम ५ खोटे आहे किंवा तो म्हाताऱ्याचा भ्रम आहे असे जो म्हणेल त्याला माझ्या दुकानातला एक खिळाही मिळू नये, मग तो माझा एकुलता एक मुलगा का असेना.

कलम ७. माझी हत्यारांची पेटी आळेफाट्याचा गॅरेजवाला भरत सोमाजी कुऱ्हाडे यास द्यावी. भरतवर माझा एकच राग आहे. मोडलेली गाडी टेम्पोतून त्याच्याकडे नेली तेव्हा तो चाकाकडे बघत म्हणाला, "शेट, चावी बंदवरच वाकून बसलीया. गिअर न्यूट्रल. हौशीरामला कुठून लागली ही खोड?" मी म्हणालो, "तू तुझं काम कर." त्याने काम केले आणि पुन्हा विषय काढला नाही. राव, एकदा तरी माझी गचांडी धरायची होतीस! मी त्याच दिवशी बोललो असतो.

कलम ८. आमच्यात संवत्सरीला लहानथोरांपुढे हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात. वर्षभरात जाणता-अजाणता कोणाला दुखावले असेल त्याची क्षमा मागतात. यंदा मी तो मजकूर मोबाइलवरून दोनशे जणांना एकदम पाठवला. त्यात हौशीरामच्या मुलाचा, ऋतिकचा नंबर होता. हौशीरामच्या घरी माझी क्षमायाचना गुलाबाच्या फुलांच्या चित्रासकट पोचली. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

संध्याकाळी मी कस्तुरबाईपुढे हात जोडले. तिला पहिल्या दिवसापासून सगळे माहीत आहे, ही माझी खोड तिच्याइतकी कोण जाणतो? तिने हात जोडले नाहीत. म्हणाली, "आधी वर जाऊन या. लंकाबाईकडे मागा, मग माझ्याकडे." लंकाबाई म्हणजे हौशीरामची बायको. त्या दिवसापासून कस्तुरबाई ताट वाढते आणि निघून जाते, बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने वर गेलो. लंकाबाईने कोरा चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत माझे पाय धरले. म्हणाली, "शेट, आमच्या मान्सानं तुमाला मारलंच आसतं. मला लई सांगायचे, शेट मला घाटात गाडी चालवाया देत्यात. मी म्हनायचे, नगा हात लावू, लोकाची गाडी हाये. ऐकलं न्हाई. माफ करा त्यांला."

हौशीराम घरी बायकोला बढाई मारायचा. मी ज्या हँडलला त्याला कधी शिवू दिले नाही, त्याची बढाई. आणि त्या गरीब बढाईवर माझे खोटे सोळा महिने उभे राहिले. मी काय म्हणालो? "असू दे, लंकाबाई." असू दे! मी तिला माफ केले! चहा प्यायलो आणि निघालो. मला आता जेवण जात नाही, सामायिकाला, जपाला बसलो तर माळेऐवजी हौशीरामची ती हाक मोजतो. तोंडाने सांगायची माझी छाती नाही. तीन वेळा एसटीत बसलो आणि तीन वेळा डिंभ्याला उतरून परत आलो.

म्हणून एसटी स्टँडसमोरचा माझा गाळा लंकाबाई हौशीराम तळपे हिला कायमचा द्यावा. हा कागद पाकिटात बंद करावा, मी मेल्यावर उघडावा आणि दादाभाऊंनी तिला वाचून दाखवावा.

इथवर लिहून मी सही करणार होतो. पुढचा मजकूर त्याच दिवशी दुपारी चारनंतरचा आहे.

कस्तुरबाई चहा घेऊन आली आणि उभ्याउभ्या माझ्या खांद्यावरून वाचत राहिली. वीस दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "मेल्यावर? तुमच्या घरात शंभर वर्षं जगतात माणसं. तोवर ती बाई तुमचे पाय धरत राहणार?" आणि तिने स्वतः ऋतिकला फोन लावला.

दोनच्या जीपने लंकाबाई आणि ऋतिक आले. दादाभाऊंनी कलम ५ पासून वाचले. त्यांचा आवाज कोर्टात कधी चाचरत नाही, आज दोनदा थांबले. मी जमिनीकडे बघत होतो. ऋतिक उठून माझ्या अंगावर आला. लंकाबाईने त्याचे मनगट धरून त्याला खाली बसवले. मग मला विचारले, "गाडी उचलाया किती येळ लागला?"

"दोन मिनिटं."

"खरं सांगा."

दादाभाऊ म्हणाले, हे लिहू नका. लिहितो. गाडी उचलली. स्टँडवर लावली. पेट्रोलचा कॉक बंद केला. आरसा फुटला होता, त्याच्या काचा वेचून बाजूला टाकल्या. मग रुमाल काढून टाकी पुसली, पोचा कुठे आला ते बघायला. सगळी टाकी पुसली, दोन्ही बाजूंनी. तेवढा वेळ तो हाका मारत होता.

"मंजी धा मिन्टं," लंकाबाई म्हणाली.

"हो."

मग ती रडली. कस्तुरबाईने तिला धरले, तिने धरू दिले. मी हात जोडले आणि म्हणालो, "लंकाबाई, मला माफ—"

"नाय," ती म्हणाली. "ते मागू नगा. माज्यापाशी न्हाई ते. आन् त्यो गाळा बी खोडा. कागदाला साक्षीदार लागत्यात ना?"

दादाभाऊंनी तिला समजावले की ज्याला काही मिळायचे असते त्याला साक्षीला घेत नाहीत, उद्या कोर्टात म्हणतील, बाईने गाळ्यासाठी सही केली. गाळा सोडू नकोस, मुलाचा विचार कर, साक्षीला दुसरे कोणीही मिळेल.

"म्हनून तर म्हनते, खोडा. लोकं म्हनत्यात माजा नवरा पिऊन मेला. हितं माजंच नाव पायजेल." मग माझ्याकडे वळली. "आन् मेल्यावर नाय. आत्ता ठेसनात जायाचं. मी येते संगं."

हितेश दारात उभा होता. "पप्पा, केस होईल. आत जाल." त्याला मी लहानपणी सुद्धा जवळ घेतले नव्हते, आज घेतले. म्हणालो, होऊ दे.

सबब कलम ८ मधील गाळ्याचा मजकूर रद्द, तो गाळा हितेशला जाईल. पाकीट बंद करण्याची सूचना रद्द. हा कागद आजच, मी जिवंत असताना, पोलीस ठाण्यात दाखवला जाईल आणि त्याची एक प्रत वरच्या वाडीच्या चावडीवर लावली जाईल. भरतला आळेफाट्याहून बोलावून घेतले. हत्यारांची पेटी त्याला आजच हातात दिली, म्हणून कलम ७ ही संपले आणि तो साक्षीला मोकळा झाला. बाकी कलमे जशीच्या तशी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे. साक्षीदारांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सही केली.

घेवरचंद मिश्रीमल समदडिया
(सही)

ठिकाण: घोडेगाव
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:

१. भरत सोमाजी कुऱ्हाडे, गॅरेज, आळेफाटा. (सही) गाडीची चावी बंद होती. मी पाहिली होती.

२. लंकाबाई हौशीराम तळपे, राहणार वरची वाडी, तळेघर. (सही, स्वतःच्या अक्षरात) गाडी माजा मानूस चालवत नव्हता. मला शेटकडून काय बी मिळालं नाय.