झोंबलेली बोटं

बाई, आज मी एका विद्यार्थिनीवर चिडले. घर जळालेल्या बाईसमोर ती प्रश्नांचा कागद धरून बसली होती. "आधी तिच्याबरोबर काम कर," मी ऐटीत म्हणाले. हे तुमचं सांगणं, एवढं मात्र गिळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते गिळण्याची सवय सुटत नाही.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तापीच्या पुरात सगळं गेलेल्या बायका मिरची वाळवायच्या पथारीवर रोजाने यायच्या. त्यांच्या मनात तो पूर किती उरलाय, ते तुम्हाला शोधायचं होतं. तुमच्या हाताखाली आम्ही दोघी. मी शहरातली, पहिल्या नंबराची. ती म्हसावदची, गुजर शेतकऱ्याची मुलगी, जेमतेम पास झालेली. मिरच्यांच्या ढिगापाशी मी वही उघडून एका म्हातारीला विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?"

"भ्याव कसाना? मी बरी शे."

तुम्ही म्हणालात, "अगं, वही मीट आणि देठ खुड." वही मी मिटली, पण बसले नाही, साडी नवी होती. म्हसावदची मात्र बसली. दुपारपर्यंत देठ खुडत राहिली, विचारलं काहीच नाही. आणि म्हातारी आपणहून बोलते, "मन्ही पोरना हात मन्हा हातमा व्हता, माय. पानीमा सुटी गया." ढिगापलीकडे उभी राहून मी ऐकतेय.

संध्याकाळी तिची बोटं झोंबत होती. तुम्ही तिला जवळ बसवून खोबरेल चोळलंत आणि म्हणालात, "हे काम पुढे हीच नेणार." माझा नुसता जळफळाट झाला. माझे हात स्वच्छ होते, त्यांना कोण तेल लावणार!

म्हणून लेख मी तिच्याआधी लिहून टाकला. म्हातारीचं बोलणं घातलं आणि वर लिहिलं, 'देठ खुडताना तिने मला सांगितलं.' त्या लेखावर मला नोकरी मिळाली, पुढचं सगळं नावही. ती गावी परतली. तिने कधी जाब विचारला नाही, याचाही मला राग येतो.

लेख वाचून तुम्ही चष्मा काढलात. "बोटं फार झोंबली का गं तेव्हा?" मी "हो" म्हणाले. तुम्ही कपाटातून खोबरेल काढलंत आणि माझं एकेक बोट चोळलंत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण तुम्हाला कळलं होतं, हे मला तेव्हाच समजलं होतं. तरी मनात आलं ते एवढंच, बाई: चला, मलाही मिळालं.