छाती पुन्हा दाबायची का

बा, तुह्यावर माहा राग आहे तो ह्याच्यासाठी, की तू मरून परत आला अन् कसं वाटलं ते कधी सांगतलंच नाही. बरगड्याईसाठी मात्र जन्मभर बोंबलला. तुमसरच्या मिलमध्ये तू पोत्यासकट पडला. हमालाईनं मिरगी समजून नाकाले जोडा लावला. मंग समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला. पोत्यात धान कोंबावं तसा तो तुह्या छातीवर दाबते. मी डबा घेऊन दारात उभी, अन् कडकड आवाज आयकते. तू परत आला. तेव्हापासून खोकला आला की खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी छातीशी आवळून म्हणे, "त्या कंपाउंडरचे हात झडो!" आमी हासत होतो. माह्या लग्नाच्या पंगतीतही ती घडी तुह्या काखेत होती. पण "वाचवलं ते बरं केलं" का "कायले उठवलं", ह्यातलं एकही तुह्या तोंडून निघालं नाही.

आता तुहा जावई भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून आहे. धडकन थांबली, छाती दाबून परत आणली. बरगड्या मोडल्या, ओकारी फुफ्फुसात गेली, डोक्याले रक्त भेटलं नाही. डोळे उघडे आहेत, त्याच्यात कोणी नाही. तुह्यासारखी घडी करून मी त्याच्या हातात देते. बोटं मिटत नाहीत, घडी खाली पडते. डॉक्टरीणबाई माह्या पोरीच्या वयाची. म्हणते, "मावशी, ठोके पुन्हा थांबू शकतात. तेव्हा दाबायचं का नाही, घरच्यांनी ठरवा. आणखी बरगड्या मोडतील, आणि जाग येईलच असं नाही."

"त्याले दुखते का?"

"सांगता येत नाही."

मंग शिकली कायले? देर कानाशी येऊन म्हणते, "वैनी, नाही म्हणसान तर गाव म्हणन, बायकोनंच मारला." मी म्हटलं, "मंग तू बस त्याच्यापाशी." चहा प्याले गेला, तो गेलाच.

मशीनचा आवाज मधात लांबला की माहा हात आपोआप त्याच्या छातीकडे जाते. दाबाले का नुसता ठेवाले, मलेच समजत नाही.

हा कागद कुठं टाकू? चौथीपर्यंतच्या शाळेत तुह्या गावचा पत्ता शिकवला नाही. पदरात बांधून ठेवते. डॉक्टरीणबाईले मी जवाबासाठी पितरांच्या अमावस्येपर्यंत थांबवलं आहे. त्या सकाळी घरी जाऊन छपराच्या कवेलूवर तुह्यासाठी वडे-खीर ठेवीन. त्याच्या आधी सांग, परत आल्याचं तुले बरं वाटलं होतं का नाही? नुसता जेवून उडून जाशील तर याद राख.