आढ्याला बांधलेला नारळ

प्रिय हिरा,

पत्र लिहायला फार उशीर केला, माफ कर. किती उशीर ते लिहीत नाही. लिहिलं तर पुढे हात चालणार नाही.

नावाआधी काय लावायचं यातच माझी सकाळ गेली. सौ. लिहू? की कै.? तू गेलीस त्याच्या बाराव्या वर्षी गुरुजींनी दर्भाची बाहुली करून तुझं सगळं कार्य केलं. म्हणजे नियमाने कै. लिहायला हवं. पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी नुसतं प्रिय लिहिलं. मी चौथी शिकलेला माणूस. तू सातवी पास. असतीस तर तुलाच विचारलं असतं.

आणि आत्ताच का लिहितोय? एका कार्टूनमुळे!

हसू नकोस. लहान मुलांचं नाही ते. जपानी लोक भुताखेतांचीसुद्धा कार्टून काढतात. आपला वसंता आठवतो ना, ज्याला कडेवर घेऊन तू वाडीभर फिरायचीस? त्याची मुलगी पल्लवी आता कॉलेजात जाते. मैत्रिणीकडून सीडी आणते आणि कॉम्प्युटरवर बघत बसते. शुक्रवारी दुपारी, लाइट जायच्या आत जेवून घे, असं सांगायला मी तिच्या खोलीत गेलो आणि तिथेच बसलो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मला मराठीत सांगायची.

एक मुलगा असतो. त्याची मोठी बहीण घरातून जाते ती परत येत नाही. त्याला एका शेजाऱ्याचा संशय येतो. डोंगरावर एक देऊळ असतं, तिथे लोलक नसलेल्या घंटा टांगलेल्या. आपल्या वैऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि लोलकाच्या जागी बांधायचं. वारा नसताना घंटा वाजली की त्या माणसाचं भरलं! मुलगा नाव बांधतो. घंटा वाजते. शेतातल्या चिखलातून हात वर येतात आणि त्या शेजाऱ्याला आत ओढून नेतात. मुलगा बांधावर उभा राहून बघतो. मग गाणं लागलं.

मी म्हटलं, "पुढे?"

"पुढे काय? संपला एपिसोड."

"अगं, पण त्याची बहीण?"

"बदला घेतला ना तिचा, आजोबा."

"बदला राहू दे. ती आहे कुठे?"

"ते नाही दाखवलं."

"नाही दाखवलं म्हणजे? परत लाव. आपल्या नजरेतून सुटलं असेल."

तेवढ्यात लाइट गेली. दोन तास मी तिथेच घाम पुसत बसलो. लाइट आल्यावर तिला पुन्हा लावायला लावलं. शेवटचा भाग तीनदा बघितला. बहीण नाही म्हणजे नाहीच! पल्लवी वैतागली. "आजोबा, एवढं लक्ष देऊन तर मी परीक्षेचापण अभ्यास करत नाही. कार्टून आहे हो!"

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून बोलली. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, आता त्याला जास्तच धार आली आहे. "त्यांना काही बोलू नको गं. बीपी वाढेल. एवढ्या चिकाटीने सख्ख्या बहिणीला शोधलं असतं तर ती तेव्हाच सापडली असती."

रोजच्यासारखा टोमणाच होता. पण या वेळी तो वर्मी लागला, हिरा. कारण त्या मुलाने जे केलं तेच मी केलं होतं. फक्त घंटेच्या जागी नारळ होता.

तुला हे कोण सांगणार? तू गेल्यावर वर्षभराने मी गावदेवीला तुझ्या नवऱ्याच्या नावाने नारळ बांधला. भगताने विचारलं, "नक्की ना? बांधणाऱ्यालाच सोडावा लागतो, दुसऱ्या कोणाच्या हाताने सुटत नाही." मी म्हटलं, नक्की. लाल फडक्यात नारळ घातला, माझ्या बहिणीला ज्याने नाहीसं केलं त्याचं वाटोळं कर असं देवीला सांगितलं, दामोदरचं नाव घेतलं आणि आढ्याला गाठ मारली.

आणि झालं की! सहा महिन्यांच्या आत दामोदर ताडावरून पडला. कंबर मोडली, एक पाय कायमचा गेला. बैल मेले. त्याने दुसरं लग्न केलं नाही, कोणी मुलगी दिली नाही म्हणून की त्यालाच नको होतं म्हणून, देव जाणे. गाव म्हणायचं, आपल्या उमेळ्याच्या देवीने पार तुझ्या सासरी, चांदीपपर्यंत हात पोचवला. तो पडल्याची बातमी आली त्या दिवशी मी घरात शिरा करायला सांगितला. सगळ्यांनी खाल्ला. मी दोनदा घेतला.

त्या शिऱ्यानंतर मी तुला शोधलं नाही. मला वाटलं, काम झालं. एपिसोड संपला!

आता जे लिहितोय ते तुझ्या वहिनीलासुद्धा माहीत नाही.

तू त्या दुपारी आली होतीस. हातात पिशवी, पायाला धूळ. वहिनी वसंताला घेऊन माहेरी गेलेली, गाव झोपलेलं. मी वाडीत केळीचे घड वाळक्या पातीत बांधत होतो, माल न्यायला गाडी यायची होती. तू विहिरीवर पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "दादा, चार दिवस राहू का?"

मी काय म्हणालो? तुला आठवतच असेल. "आता? कामाच्या दिवसांत? दामोदरला विचारलंस का? आणि वहिनी घरात नाही, तुला जेवायला कोण घालणार?"

"मी करीन की स्वयंपाक."

"दिवाळीला ये, त्याला घेऊन ये. अशी एकटी आलीस की लोक विचारतात."

तू खाली बसून चार घड बांधून दिलेस मला, नेहमीसारखे घट्ट. पिशवी उचललीस. "बरं, येते," म्हणालीस. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. गाडीचा हॉर्न वाजला होता.

तू का आली होतीस? मारत होता का तो? सासू बोलत होती? की सहजच, आईविना माहेर कसं असतं ते बघायला आली होतीस? सगळ्या गावातल्या बायकांची पत्रं तू लिहायचीस! कोणाची पोर आजारी, कोणाला सासरी करमत नाही, सगळं तुझ्या अक्षरात पोस्टात पडायचं. मग स्वतःसाठी दोन ओळी तुला लिहिता आल्या नाहीत? तुझा राग येतो मला. खरंच येतो. या वयात रागावणं बरं नाही म्हणतात डॉक्टर, पण येतो.

आठव्या दिवशी दामोदर आला. दारात उभा राहून म्हणाला, "दादा, हिराला पाठवा आता. कापनी आलीय, घरात कोनी नाय."

म्हणजे तू परत सासरी पोचलीच नव्हतीस! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिरा? ती इथे आलीच नाही."

का बोललो? आल्यावर परत का पाठवलीस, एकटी का सोडलीस, असं सगळे विचारतील म्हणून बोललो. एक वाक्य होतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तू कुठेतरी सापडशील आणि ते वाक्य विरून जाईल. पण मग पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. कागदावर माझी सही घेतली. त्यामुळे सगळा संशय दामोदरवर गेला. चांदीपच्या विहिरी उपसल्या, त्याच्या शेतातलं गवत उचकलं. उमेळ्याहून निघालेल्या बाईला सगळे चांदीपच्या विहिरीत शोधत होते! स्टेशनवर कोणी विचारलं नाही. विरारच्या एसटी स्टँडवर कोणी विचारलं नाही. विचारणार कसे? तू तिकडे गेलीच नव्हतीस ना, माझ्या म्हणण्याप्रमाणे!

आणि नंतर मला खरंच वाटू लागलं की त्यानेच काहीतरी केलं. वाटेत गाठलं असेल, घरी नेऊन काही केलं असेल. खोटं मी बोललो आणि त्यावर पहिला विश्वास मीच ठेवला. दामोदरचं नाव देवीला सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, हिरा. तुझ्या कार्यालाही मी त्याला बोलावलं नाही. दर्भाची बाहुली मी जाळली. हक्क त्याचा होता.

गेल्या महिन्यात तो आला होता. रिक्षातून उतरून काठीवर एक एक पायरी चढत. केस सगळे गेलेत, तू ओळखणार नाहीस. खुर्चीत बसला नाही, दाराला टेकून राहिला.

"दादा, मी हिराला काय केला नाय. तुमाला पटत नसेल तर नको पटू दे. नारळ तेवढा सोडा. दोनदा हास्पिटलातनं परत आलो. लोक म्हनतात, नारळ हाय तंवर तुला मरन नाय."

मी म्हटलं, "आधी खरं सांग."

तो म्हणाला, "खरा? आठ दिस मला वाटला ती माहेरी सुखात हाय. ह्योच खरा माझा."

मी त्याला घोटभर पाणीही विचारलं नाही. वहिनी चहा ठेवत होती, तिला खुणेने थांबवलं. तो काठी टेकत उतरला. माझ्या दारातून परत गेलेला तो दुसरा माणूस. तुला निदान विहिरीचं पाणी तरी मिळालं होतं!

तेव्हाही मी स्वतःला समजावलं की ढोंग करतोय. शुक्रवारी ते कार्टून बघितलं नसतं तर अजून समजावत बसलो असतो. त्या मुलाचा मला इतका संताप आला, काय सांगू! अरे, त्या चिखलात गेलेल्या माणसाला आधी विचार तरी, तुझी बहीण कुठल्या वाटेने गेली ते! आता सांगणार कोण? आणि मग माझ्या लक्षात आलं, माझा माणूस अजून जिवंत आहे. एवढा काळ त्याला मरण आलं नाही, ते कदाचित मी विचारावं म्हणूनच असेल.

तर ऐक, हा माझा शब्द आहे. रविवारी सकाळी देवळात जातो. नारळ आत सुकून खडखडत असेल. ती गाठ माझ्याच हाताने सोडतो. मग पल्लवीला घेऊन चांदीपला जातो, जिना उतरताना आता मला कोणीतरी लागतं. दामोदरसमोर बसून सांगतो की त्या दुपारी तू माझ्याकडे आली होतीस आणि मी तुला परत पाठवलं. तिथून आल्यावर तुझ्या वहिनीलाही सांगणार. दामोदरने काठी उगारली तर उगारू दे. नाही उगारली तर त्याला विचारीन, चल, आपण दोघे तिला शोधू. उमेळ्यापासून सुरू करू, जिथून करायला हवं होतं तिथून. एक लंगडा आणि एक बीपीवाला! कोणी ओळखीचं उरलं असेल की नाही देव जाणे. पण विचारू. जुने टांगेवाले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, ज्यांना ज्यांना विचारायचं राहिलं त्या सगळ्यांना.

आता तू एवढं कर. तू वर असलीस तर स्वप्नात येऊन सांग, कुठे काय झालं ते. वहिनीच्या स्वप्नात जाऊ नकोस, ती घाबरेल. आणि त्या बाहुलीसारखंच हे कै.सुद्धा खोटं असलं, तू कुठे तरी असलीस, तर दोन ओळी टाक. पत्ता तोच आहे, पण घर ओळखू येणार नाही. वाडी गेली, तिथे बिल्डिंग झाली. विहीर बुजवून तिच्यावर स्कूटर लावतात. चिंच तेवढी मी तोडू दिली नाही. चिंचेसमोरचा जिना, पहिला मजला.

लवकर कळव, हिरा. आणि आलीस तर सरळ दार वाजव. किती दिवस राहणार, असं या वेळी कोणी विचारणार नाही.

तुझी वाट बघणारा,
दादा