थांबायची गरज नाही ना?

४ मार्च, मंगळवार

आज जीभ आवरली नाही माझी. बाहेरच्या खोलीत नातीचा इंग्रजीचा वर्ग — सगळी कामावरून दमून येणारी मोठी माणसं. आजचा धडा म्हणे, एखादी गोष्ट करायची गरज नाही ना, हे कसं विचारायचं. कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या टेलरबाईला काही केल्या जमेना. 'आय नॉट हॅव टू स्टे?' नात वहीतलं वाक्य लाल पेनानं खोडते, 'आय डोन्ट हॅव टू स्टे, डू आय?' म्हणून दाखवते — आणि बाईचं परत तेच! तेवढ्यात नातीचा फोन वाजला, ती गॅलरीत गेली. मी पडद्याआडून बाईचा आवाज काढला. नाकातून. सगळा वर्ग हसला. मग काय, चेव आला — आणखी एकदा म्हटलं! बाई हसली नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या, गेली.

५ मार्च

टेलरबाई आली नाही.

७ मार्च, शुक्रवार

आजही नाही. नात म्हणते, 'आजी, माझंच चुकलं गं. चारचौघांत एखाद्याचं किती खोडायचं! कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळायची होती त्यांना. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, साहेब इंग्रजीतच बोलतो.' लाल पेन कपाटात टाकून दिलं तिनं. आता पेन्सिलीनं तपासते, हलक्या हातानं, चोरासारखी.

वर्गातलं कुणी चुगली करत नाही. म्हातारीची लाज राखतात मेले! आणि मी मूग गिळून भाजी निवडतेय. एरवी न विचारता बोलणारी मी.

८ मार्च, शनिवार

उसवलेला अभ्रा घेऊन टेलरबाईच्या घरी गेले. तिनं शिवण बघितली. 'आजी, उसवला नाहीये. ब्लेडनं कापलाय.'

पकडलंच! म्हटलं, 'मग शिवू नकोस. वर्गाला ये.'

'पुन्हा नक्कल करायला?'

'या खेपेला तू हस. मी सगळ्यांसमोर उभी राहून तेच वाक्य म्हणते. चुकले तर पोट धरून हस.'

तिनं अभ्रा ठेवून घेतला. माफ कर, एवढंसं म्हणायचं होतं. नक्कल करायला कशी वळवळली होती जीभ — आज टाळ्याला चिकटली.

१० मार्च, सोमवार

आली! मी उभी राहिले. दोन दिवस भांडी घासताना घोकलं होतं. 'आय डोन्ट टू हॅव स्टे, आय डू?'

छप्पर उडेल असे हसले सगळे. टेलरबाई तर डोळे पुसत होती. मग तिनंच मला सुधारलं — एका दमात, अचूक!

वर्ग सुटल्यावर नात गळ्यात पडली. 'मुद्दाम चुकलीस ना? माझ्या लाल पेनानं त्या दुखावल्या म्हणून?'

'हो,' म्हटलं.

मुद्दाम! डोंबलाचं मुद्दाम! आणि पेनाचं तर... बाई परत आली, आता सगळं बरं आहे. मग सांगायची गरज नाही ना? नातच वर्गात शिकवत होती — असं विचारणाऱ्याला 'नाही' हेच ऐकायचं असतं.

११ मार्च

नातीला खरं सांगितलं. माझ्याशी बोलत नाही. लाल पेन मात्र कपाटातून काढून टेबलावर ठेवलंय.